अफगाण सैन्य २०२१ मध्ये इतकं झटपट का कोसळलं?

प्रश्न: कागदावर तीन लाखांचं सैन्य आणि पोलीस, अमेरिकेचा २० वर्षांचा खर्च. तरी १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल जवळजवळ न लढताच तालिबानच्या हाती पडलं. नेमकं कुठे फसलं?

प्रतिसाद १: आधी देखभाल बघा. अफगाण मेकॅनिकांचा हात रशियन एमआय-१७ हेलिकॉप्टरवर बसलेला होता. अमेरिकेने त्याजागी स्वतःची ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं दिली आणि त्यांची दुरुस्ती मुख्यतः परदेशी कंत्राटदारांकडे राहिली. २०२१ च्या उन्हाळ्यात तेच निघून गेले. दुर्गम चौक्यांना दारूगोळा, रसद पोचवणं आणि जखमींना हलवणं बहुतेक हवेतूनच व्हायचं. ते आटल्यावर शिपाई लढणार कशाच्या जोरावर?

प्रतिसाद २: शिवाय तीन लाख हा आकडाच फुगवलेला. हजेरीपटावर नाव, प्रत्यक्षात माणूसच नाही. पगार वरचे अधिकारी खिशात घालत. बायोमेट्रिक नोंदणी आली, पण फार उशिरा.

प्रतिसाद ३: अमेरिकी सैन्य माघारीचा दोहा करार विसरू नका. २९ फेब्रुवारी २०२० ला अमेरिका आणि तालिबानने सह्या केल्या, काबूल सरकार त्यात नव्हतंच. मग तालिबानने गावच्या वडीलधाऱ्यांना मध्ये घालून चौकीचौकीला निरोप धाडले: शस्त्रं ठेवा, घरी जा. महिनोन्महिने पगार थकलेले शिपाई ऐकणारच. त्यांना सरसकट भित्रे म्हणणं मात्र अन्याय आहे. या युद्धात सुमारे ६६ हजार अफगाण सैनिक आणि पोलीस मारले गेले.