दिवाळी सुट्टीतल्या शोच्या खुर्च्या कशा वाटायच्या? (बजेट १५ हजार, कृपया आधी वाचा, मग सांगा)

खुर्च्या_मोजणारा
नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या बाहेर हायवेलगत एक छोटं अम्युझमेंट पार्क आहे, तिथं मी नोकरीला. नाव सांगत नाही, मालकही इथं वाचतात. पाडव्यापासून पुढच्या रविवारपर्यंत रोज संध्याकाळी ७ ला ताराराणींवर लाइट-साउंड शो असतो. ४० मिनिटांचा, पार्कच्या तिकिटातच. खुर्च्या ४२०, त्यांच्या मागं हिरवळीचा उतार. एरवी पुरतं. भाऊबीजेला आणि रविवारी मात्र हजारभर माणूस येतं.

गेल्या वर्षी दुपारी ४ वाजताच पहिल्या सहा रांगांवर रुमाल, ओढण्या, पाण्याच्या बाटल्या. एका काकांनी अख्खी रांग धरली. ११ खुर्च्या, एका टोकाला छत्री, दुसऱ्या टोकाला थर्मास, मधे काही नाही. त्यांची माणसं उगवली सव्वासातला. तोवर एक आजी खांबाला टेकून उभ्या होत्या. मी थर्मास उचलून आजींना बसवलं, तर काका म्हणाले, "तुझ्या घरचा शो हाय काय?" पुढं गचांडीपर्यंत गेलं.

तर लोकांना पटेल अशी पद्धत सांगा. सगळं मिळून १५ हजार. मदतीला चार पोरं. त्या भागात मोबाइलला रेंज नाही, म्हणून अॅप नको. आणि सगळ्यात पुढचे दोन सोफे मालक हलवू देणार नाहीत, ते सोडून बोला.

टेक_तात्या
सोपं आहे. अॅप करून घ्या. सीट निवडा, क्यूआर येतो, गेटवर स्कॅन. माझा भाचा ९० हजारात करून देईल, ओळखीत ८५.

खुर्च्या_मोजणारा
तात्या, बजेट १५. रेंज नाही.

टेक_तात्या
मग वायफाय टाका की. आजकाल कोण वायफाय टाकत नाही?

एसटीतला_रुमाल
धागाकर्त्याचंच चुकलं असं माझं स्पष्ट मत. रुमाल टाकला म्हणजे जागा धरली, हे पोराबाळांना पण कळतं. मी कॉलेजची तीन वर्षं गारगोटी-कोल्हापूर केली. गाडी स्टँडवर वळायच्या आत खिडकीतनं दप्तर आत, आणि ते दप्तर कंडक्टरसुद्धा हलवत नव्हता. लोकांचा लोकांवर विश्वास होता. तो थर्मास उचलायला नको होता.

गंगावेशची_ताई
व्हय, आणि त्या दप्तरापायी गरोदर बाई उभ्यानं गेली तरी कंडक्टर गप्पच. सांगा की ते पण.

आमच्या लहानपणी रॉकेलच्या रांगेत कॅनं असायची. सुतळीनं एकमेकांना बांधलेली, मधे एखादी वीट. पण नियम कडक होता. कॅनाचा मालक हाकेच्या अंतरावर पायजे. गाडी आली, हाक मारली, माणूस नाही, की कॅन बाजूला. आणि एका माणसाला एकच कॅन. त्या काकांनी ११ कॅनं लावली आणि स्वतः गेले पाळण्यात बसायला. ह्यात विश्वास कुठं आला?

फ्लोरिडाकर_शाहूपुरी
आम्ही दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मुलाकडे ऑरलँडोला होतो. तिथं डिस्नीच्या एप्कॉट पार्कमध्ये कँडललाइट प्रोसेशनल नावाचा नाताळचा कार्यक्रम असतो. समोर ५० वाद्यांचा ऑर्केस्ट्रा, मागं गाणाऱ्यांचा भलामोठा कॉयर, आणि एखादा नामवंत नट येशूच्या जन्माची कथा वाचतो. १९५८ साली कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये सुरू झाला, फ्लोरिडात एप्कॉटला १९९४ पासून आहे. एका रात्रीत तीन प्रयोग. उघडं थिएटर, तुमच्यासारखंच.

तिथं दोन वाटा. पार्कच्या तिकिटावर स्टँडबायच्या रांगेत उभं राहायचं, जागा असेल तर आत. नाहीतर त्यांच्या ठरावीक हॉटेलांत जेवणाचं पॅकेज घ्यायचं, त्यात बसायला जागा नक्की मिळते. आम्ही अर्थातच पॅकेज घेतलं. थंडीत कोण उभं राहणार? तुमच्याकडेही थाळी + खुर्ची असं काढा. पहिल्या पाच रांगा ३५० रुपयांत. भांडण संपलं आणि मालकही खूश.

निव्वळ_न्याय
संपलं कसं? पैसेवाल्यांपुरतं संपलं. ज्यानं तिकिटाचेच पैसे जमवून आणलेत त्यानं मागं उभं राहायचं, एवढाच अर्थ झाला. धागाकर्त्यानं "लोकांना पटेल" असं विचारलंय, "मालकाला परवडेल" असं नाही.

फ्लोरिडाकर_शाहूपुरी
स्टँडबायची रांग फुकट आहे, नीट वाचा. आणि पॅकेजवाल्यांनाही ठरावीक नंबरची खुर्ची नसते. विभाग राखीव, आत लवकर आलेला पुढं. आम्ही अर्धा तास आधी जाऊनही खांबाच्या बाजूला आलो.

निव्वळ_न्याय
म्हणजे पैसे भरूनही खांबच. छान.

तोक्योतला_तांबडा_रस्सा
जपानात काय करतात सांगतो, कामानिमित्त चार वर्षं होतो. तोक्यो डिस्नीत थिएटरातल्या काही शोसाठी रांगच नसते, सोडत असते. आत शिरल्यावर अॅपवरून अर्ज करायचा. एका शोला दिवसात एकदाच. ग्रुपमधल्या सगळ्यांची तिकिटं गेटवर लागलेली असली पाहिजेत, म्हणजे घरी बसलेल्या मावशीच्या नावानं खुर्ची मागता येत नाही. लागली तर अख्ख्या ग्रुपला, नाही तर कुणालाच नाही. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. नुसत्या चिठ्ठ्या काढल्या तर सहाजणांतले दोघं आत, चौघं बाहेर, आणि भांडण तुमच्याऐवजी त्यांच्या घरात.

परेडला रस्त्याकडेला चटई टाकून बसता येतं, पण परेडच्या एक तास आधीपासूनच. त्याच्या आधी टाकलेली चालत नाही.

सोडतीचा खरा फायदा मला तिथं कळला. दुपारभर कुणी जागा राखत बसत नाही. तुमच्या काकांच्या घरातलं कुणीतरी ४ पासून अडकलंच असणार. ते माणूस ना पाळण्यात बसलं, ना भेळ खाल्ली. मालकांना हा हिशेब दाखवा.

हरिप्रियाचा_प्रवासी
सोडतीवर माझा विश्वास नाही. रांग बरी. तिरुपतीला हरिप्रिया एक्स्प्रेसनं दरवर्षी जातो. तत्काळ एसीचं १० ला उघडतं, नॉन-एसीचं ११ ला. आधी दोन मिनिटांत सगळं एजंट खायचे. जुलै २०२५ पासून आधार जोडल्याशिवाय ऑनलाइन तत्काळ नाही, आणि पहिला अर्धा तास एजंटला बंद. आता निदान माझ्यासारख्याला मिळायची शक्यता आहे. सांगायचं एवढंच की पद्धत कुठलीही ठेवा, एका माणसाला एक आणि माणूस समोर.

गंगावेशची_ताई
म्हणजे मी कॅनाचं बोलले तेच. फक्त आधार जोडून.

कागलचा_जावई
पहिल्या रांगेतल्या सोफ्यांवर कुणीच का बोलत नाही? सामान्य माणसाच्या रुमालाचा एवढा राग, आणि "निमंत्रितांसाठी" अशी चिठ्ठी लावलेला सोफा कार्यक्रम संपेपर्यंत रिकामा, त्याचं काय? तो पण रुमालच आहे, फक्त फोमचा.

खुर्च्या_मोजणारा
सोफ्याचं सोडून बोला म्हटलं होतं. (पण वाक्य लिहून ठेवलंय.)

मांडववाले_अण्णा
२२ वर्षं मांडवाचा धंदा आहे. वरचं सगळं वाचलं. अर्ध्यांनी आयुष्यात एक खुर्ची उचललेली नाही.

पहिलं, प्लास्टिकच्या खुर्च्या मागच्या पायांना सुतळीनं एकमेकींना बांधा, पाच-पाचच्या जुडीत. नाहीतर पद्धत काहीही ठेवा, लोक खुर्ची उचलून पुढं आणतात आणि मधली वाट बंद होते. वाट बंद झाली आणि काही झालं तर जबाबदार तुम्ही. दोन्ही कडेला माणूस पळू शकेल एवढी जागा पायजेच.

दुसरं, पाठीवर ऑइलपेंटनं नंबर. गेटवर टोकन द्या, ५ वाजल्यापासून, समोर उभ्या असलेल्या माणसालाच, पोरगं कडेवर असलं तरी ते धरून. पावणेसातला भोंगा. तोवर न आलेल्याची खुर्ची मोकळी. हा भोंगा सगळ्यात मोठा. "येतायत, पार्किंगमध्ये हायत" ऐकायचं नाही.

तिसरं, ४० मिनिटांचा शो दोनदा का करत नाही? ७ ला आणि ८ ला. जनरेटरचं डिझेल तेवढं जास्त लागंल. ४२० दुणे ८४०. निम्मं भांडण तिथंच मिटलं.

खुर्च्या_मोजणारा
अण्णा, मनापासून आभार. दुसरा शो विचारला होता. पार्क ८ ला बंद करायचा असतो आणि घोड्यावरचा कलाकार दुसऱ्यांदा करायला तयार नाही. घोडाही नाही.

राधानगरी_रोड
५ वाजल्यापासून टोकन म्हणजे शहरातल्यांची सोय. आम्ही पोरं घेऊन एसटीनं येतो, दोन गाड्या बदलून पोचायला साडेपाच. आधी येईल त्याला आधी, हे ऐकायला सरळ वाटतं, पण आधी यायची सोय कुणाला असते तेही बघा. निम्मी टोकनं ५ ला आणि निम्मी सव्वासहाला द्या.

इचलकरंजी_लूम
टोकन हरवतात, लोक एकमेकांना देतात. मनगटाला पट्टी बांधा. आमच्याकडं लूमवर कडेचा काठ कापून निघतो, त्याच्या रंगीत पट्ट्या किलोवर मिळतात. रोज वेगळा रंग, गाठ मारून टोक कापायचं. उरल्या तर खुर्च्या बांधायला. दोनेक हजारात सगळी सुट्टी निघंल.

टेक_तात्या
पट्टीवर क्यूआर छापता येतो.

मिसळ_म्हणजे_मिसळ
धागा चांगला चाललाय, पण त्या पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत आणि आतली मिसळ गोड असते, हे कुणीतरी बोलायला हवं.

एसटीतला_रुमाल
कोल्हापुरात गोड मिसळ? हा खरा अन्याय. धागाकर्ते, उत्तर द्या.

खुर्च्या_मोजणारा
कॅन्टीन वेगळ्या ठेक्यावर आहे. मीही डबा नेतो.

मिसळ_म्हणजे_मिसळ
कबुली मिळाली. मी निघतो.

पेठेतला_पैलवान_निवृत्त
पोरांनो, खुर्च्यांच्या भानगडीत पडायचंच कशाला? शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग कुस्ती मैदान बांधलं. युरोपला गेले होते तेव्हा रोमचं कलोसियम बघून आले, त्यावरनं. मधे हौद, भोवती चढत गेलेला उतार. पुढचा कितीही दांडगा असला तरी मागच्याला कुस्ती दिसते. आम्ही तिथं मातीत बसून कुस्त्या बघितल्या. शेजारी कोण बसलाय, वकील का हमाल, बघत नव्हतो. तुमच्याकडं उतार हाय म्हणतोस, आणि माणसं सपाटीवर खुर्च्यांसाठी भांडतात?

नाट्यवेडी_मंगळवार_पेठ
खासबागेचं नाव निघालं की शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह आठवतं. १९१५ चं पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री आम्ही रस्त्यावर उभे राहून नुसते बघत होतो. तिथं माझी ठरलेली खुर्ची होती, उजवीकडून तिसरी, हात ठेवायची जागा जरा सैल. जमिनीवर बसा म्हणणं सोपं आहे हो. माझे गुडघे ५८ वर्षांचे आहेत. मला नंबरची खुर्ची पाहिजे आणि त्यासाठी दोन पैसे जास्त द्यायला मी तयार आहे.

निव्वळ_न्याय
पुन्हा पैसे.

नाट्यवेडी_मंगळवार_पेठ
पुन्हा गुडघे, म्हणा.

खुर्च्या_मोजणारा
(दिवाळीनंतर) कळवायला उशीर झाला, माफ करा. टोकन नाही, सोडत नाही, पॅकेज नाही. खुर्च्याच काढल्या. अण्णा रागावतील, ताई पण.

उतार रिकामा पडलेला असतो हे रोज बघत होतो, पण पैलवानांनी लिहीपर्यंत डोक्यात आलं नाही. पूर्ण उतारावर जाजमं टाकली, भाडं आणि धुलाई मिळून ११ हजार. खुर्च्या फक्त ७०, सगळ्यात मागं आणि उंचावर. वयस्कर, गरोदर बायका, गुडघेवाले आणि प्लास्टरवाले, त्यांच्यासाठी. कुणाला वय विचारलं नाही, जो मागेल त्याला दिली. व्हीलचेअरला डावीकडची फरशी सोडली. मधली वाट अण्णांच्या सांगण्याप्रमाणं चुन्यानं आखली. पट्ट्या इचलकरंजीहून आणल्या होत्या, त्यांचा दोर करून वाटेच्या कडेला बांधला.

सोफ्यांचं: आदल्या दिवशी मालकांना पाचव्या ओळीत जाजमावर बसवलं आणि विचारलं, काय दिसतंय? ते म्हणाले, सोफ्याची पाठ. स्वतःच उठून पोरांना हाक मारली. सोफे आता ७० खुर्च्यांच्या रांगेत आहेत आणि भाऊबीजेला एकावर गेल्या वर्षीच्याच आजी बसल्या होत्या. मी ओळखलं, त्यांनी नाही.

हजारावर माणूस बसलं. तक्रारी आल्या. गवत ओलं होतं, एकाला मुंग्या चावल्या, पॅन्ट मळल्या म्हणून दोघं ऑफिसात आले. तरी गचांडी नाही.

नाट्यवेडी_मंगळवार_पेठ
खुर्ची मिळाली असती का मला?

खुर्च्या_मोजणारा
उजवीकडून तिसरी देतो. पुढच्या वर्षी या.

टेक_तात्या
म्हणजे अॅप नकोच?

एसटीतला_रुमाल
आणि रुमाल? टाकले की नाही कुणी?

खुर्च्या_मोजणारा
रुमाल नाही. चपला. पहिल्याच दिवशी जाजमावर पुढं चौकोन करून चपला मांडून ठेवल्या आणि माणसं पाळण्याकडं. मी पोरांना सांगितलं, सगळ्या उचला, ऑफिसात ठेवा. शो संपल्यावर बहुतेकजण घेऊन गेले. एक कोल्हापुरी जोड अजून टेबलाखाली आहे, आठ नंबर, नवी कोरी. कुणाची असेल तर ओळख सांगून न्या.

कागलचा_जावई
चालताना करकर वाजते का? डावी जास्त?

खुर्च्या_मोजणारा
काका, थर्मास पण तुमचाच होता काय?