अनुभव धागा: सरकारी दवाखाना चांगला की वाईट, तुम्ही कशावरून ठरवता?

घाटमाथा
कपाट आवरताना लोकाधारित देखरेखीचं, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर गावकऱ्यांनीच लक्ष ठेवायच्या कामाचं, एक जुनं प्रगतिपत्रक हाती लागलं. हिरवा म्हणजे चांगलं, पिवळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे वाईट, असे तीन रंग. २००७ साली अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे जिल्ह्यांत हे काम सुरू झालं. गावसमितीने लोकांना विचारून लसीकरण, गरोदरपणातली तपासणी, औषधोपचार अशा एकेका सेवेला रंग द्यायचा आणि जनसुनवाईत ते अधिकाऱ्यांपुढे मांडायचं.

ते बघून परत वाटलं, सगळा खेळ प्रश्न कसा विचारता याचा आहे. "सेवेवर समाधानी आहात का?" असं आरोग्य केंद्राच्या दारात, सिस्टर शेजारी उभ्या असताना विचारलं की माणूस "बरंय की" म्हणून मोकळा होतो. उद्या परत त्याच दारात यायचंय त्याला. त्यापेक्षा घडलेलं विचारावं. शेवटचं कधी गेलात? डॉक्टर होते का? चिठ्ठीवरच्या किती गोळ्या आतून मिळाल्या, किती बाहेरून आणल्या, किती पैसे गेले? आणि हे घरी जाऊन, वाडीवर, पाड्यावर विचारावं. दारात फक्त आलेलेच भेटतात. ज्यांनी येणंच सोडलं त्यांचं मत तिथे कधीच मिळत नाही.

अशीच एक प्रश्नावली मी बनवतोय. तर लिहा, केंद्रात पाऊल टाकल्यावर तुम्ही आधी काय बघता?

करवंद
लसीचा फ्रिज. म्हणजे आयएलआर. झाकणाजवळ तापमानाची वही लटकवलेली असते, त्यात सकाळ-संध्याकाळ नोंद हवी, २ ते ८ अंशांच्या मधली. रोज दोन्ही वेळा ४.० च लिहिलेलं दिसलं तर समजायचं की वही एका बैठकीत भरली आहे. खरं तापमान थोडं तरी वरखाली होतंच.
बाटलीवरचा व्हीव्हीएमही बघा, म्हणजे लसीला उष्णता लागली का ते दाखवणारी खूण. वर्तुळातला चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस चालेल, वर्तुळाइतकाच किंवा जास्त गडद झाला तर टाकायची.

सातबारा
+१ करवंदताई. पण व्हीव्हीएम फक्त उष्णता सांगतो, गोठलेलं सांगत नाही. पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), टीडी (धनुर्वात-घटसर्पाची), हिपॅटायटिस बी या लसी गोठल्या की निकामी, आणि चौकोन मात्र छान फिका! आयएलआरचा तळ सगळ्यात थंड असतो, म्हणून या लसी वरच्या भागात, टोपलीत ठेवायच्या. पोलिओ, बीसीजी (क्षयाची), एमआर (गोवर-रुबेलाची) खाली चालतात. हे उलटं ठेवलेलं दिसलं तर लगेच सिस्टरांना सांगा, त्या काही रागावत नाहीत.

मीठभाकर
गावात कशावरून ठरवतात ते सांगते. सुई दिली की नाही. बस्स. नुसत्या गोळ्या दिल्या की "काही केलंच नाही" म्हणतात आणि संध्याकाळी बाजारपेठेतल्या दवाखान्यात पैसे मोजून सलाईन लावून येतात. ५०० मिलीच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. ग्लुकोजच्या ५ टक्केवाल्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाचसहा चमचे. ज्याला तोंडाने पिता येतंय त्याला ओआरएस पुरतं. जो डॉक्टर विनाकारण सुई देत नाही आणि का देत नाही ते पाच मिनिटं बसून समजावतो, त्याला माझ्याकडून हिरवा रंग.

काजवा
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. ओआरएसवरून, पुडी एक लिटरची असेल तर पाणी पूर्ण एक लिटरच घ्यायचं. आया पेल्यात चमचाभर टाकून देतात, मग कधी घट्ट होतं कधी पातळ. २४ तासांनी उरलेलं फेकायचं. आणि जुलाब थांबले तरी झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या, सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिग्रॅ. हे सगळं बाळाच्या आईला सांगितलं का, हीच माझी परीक्षा. पुडी तर कुणीही देतं.

उंबरठा
बीपीच्या गोळ्या किती दिवसांच्या देतात ते बघा. पाच दिवसांच्या देऊन "परत या" म्हटलं की मजुरीवर जाणारा माणूस परत येत नाही, त्याचा रोज बुडतो. ३० दिवसांच्या एकदम द्यायला हव्यात. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं बसवलं का, हात छातीच्या उंचीला टेकवला का, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला का? चढून आलेल्या माणसाचं लगेच मोजलं तर आकडा चुकणारच.

पाणवठा
१०८ आणि १०२ मध्ये फरक काय? सासूबाई विचारतायत

करवंद
@पाणवठा १०८ तातडीची, अपघात, सर्पदंश, छातीत दुखणं वगैरे. १०२ गरोदर बायका आणि बाळांसाठी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) घरून दवाखान्यात, गरज पडली तर मोठ्या रुग्णालयात आणि परत घरी सोडणं, सगळं मोफत. घरी सोडणं हाही हक्क आहे, तेच बऱ्याच जणींना माहीत नसतं.

पाणवठा
अच्छा. जेवण पण मिळतं ना?

करवंद
हो, साध्या बाळंतपणात ३ दिवस, सिझेरियनमध्ये ७ दिवसांपर्यंत.

रानजाई
बाळंतपणाची खोली. मी तीन गोष्टी बघते. एक, ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये आहे की ट्रेमध्ये उन्हात पडलंय. उष्णतेने त्याचा जोर जातो आणि बाळ झाल्यावर मिनिटाभरात दिलेल्या १० युनिटचा उपयोग होत नाही, रक्तस्राव थांबत नाही. दोन, बाळ गरम ठेवायचा वॉर्मर प्लगला लावलेला आहे की त्यावर फायली ठेवल्यात. तीन, शेजारचा संडास. पाणी नाही, कडी नाही, दिवा नाही असं असेल तर बाळंतपणानंतर थांबायचे ४८ तास बाई कशी थांबेल? सहा तासांत घरी जाते आणि नोंदीत "नातेवाइकांनी आग्रह केला" असं येतं. ती का गेली हे त्या संडासाच्या दारावर लिहिलेलं असतं.

सातबारा
रानजाई, शेवटचं वाक्य अगदी खरं. कायाकल्पच्या (स्वच्छ दवाखान्यांना बक्षीस देणारी सरकारी योजना) तपासणीला रंगरंगोटी होते, पण कडी बसवायची राहून जाते. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून हे होऊ शकतं. समितीची शेवटची बैठक कधी झाली ते विचारा, इतिवृत्त बघायला मागा.

आडवाट
पावसाळ्यात एकच प्रश्न, सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या किती बाटल्या शिल्लक? सुरुवातीचाच डोस १० बाटल्यांचा, आणि लहान मुलालाही मोठ्याइतकाच, कारण साप विष तेवढंच सोडतो. दोन बाटल्या देऊन पुढे पाठवणं म्हणजे वेळ घालवणं. २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी काचेच्या कोरड्या स्वच्छ नळीतच करायची. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर रक्त गोठत नाही आणि उगाच विषबाधा वाटते. मण्यारीच्या चाव्याची खूण बहुतेक वेळा दिसतच नाही, म्हणून "दात दिसत नाहीत, घरी जा" म्हणणाऱ्या ठिकाणाला लाल रंग.

काजवा
आमच्याकडे विंचू जास्त

आडवाट
@काजवा विंचवाला प्राझोसिन, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम. गोळी स्वस्त आहे. अंग घामाने थबथबलं, हातपाय गार पडले तर लगेच हवी. केंद्रात साठा आहे का ते उन्हाळ्यातच विचारून ठेवा.

मीठभाकर
केसपेपरचे पैसे अजून कुणी घेतं का? १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी, उपचार सगळं मोफत केलंय राज्याने.

उंबरठा
घेऊ नयेत. घेतले तर पावती मागा आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी द्या, पोच घ्यायला विसरू नका.

घाटमाथा
रानजाई, आडवाट, तुमचे मुद्दे प्रश्नावलीत घालतोय. "संडासाला आतून कडी होती का" आणि "घरी सोडायला गाडी मिळाली का" हे दोन आधी. करवंद, तापमानाच्या वहीसाठी वेगळा रकाना करू का?

करवंद
करा. आणि शेजारी "वीज किती तास गेली" हाही ठेवा, दोन्ही जुळवून बघता येतं.

पाणवठा
सासूबाई म्हणतायत ती प्रश्नावली इथे टाका, आमच्या उपकेंद्रात नेते