मॅकडोना कपच्या संघांनी वरच्या फळीशी खेळावं का?

पोर्टलीशप्रेमी: हर्लिंग म्हणजे काठी-चेंडूचा आयरिश मैदानी खेळ. त्यातल्या काउंटी (जिल्हा) संघांच्या दुसऱ्या फळीचा जो मॅकडोना कप २०१८ ला सुरू झाला, तेव्हापासून बहुतेक हंगामांत त्याच्या दोन्ही फायनलिस्टना वरच्या लियाम मॅकार्थी कपमध्ये एक बाद फेरीचा सामना मिळत आला. तो नकोच म्हणणाऱ्यांनी २०१९ आठवावं. ३० जूनला डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर, मॅकडोना फायनलमध्ये लीशने वेस्टमीथला ३-२६ विरुद्ध १-२१ असं हरवलं (आधीचा आकडा गोलांचा, एका गोलचे ३ गुण; नंतरचा गोलच्या आडव्या बारवरून मारलेल्या चेंडूंचा, प्रत्येकी १). पुढच्याच रविवारी पोर्टलीशला, म्हणजे लीशच्या घरी, वरच्या फळीतले डब्लिन आले, तेच डब्लिन ज्यांनी त्या मोसमात गॉलवेला घरी पाठवलं होतं. लीश १-२२, डब्लिन ०-२३! प्रशिक्षक एडी ब्रेननची ही पोरं हौशी, खेळाचा पगार नाही. हा सामनाच नसता तर त्यांची ताकद कुणाला कळली असती?

टलमोर_७७: एका निकालावर नियम ठरवायचा? त्याच दिवशी कॉर्कने वेस्टमीथला १-४० विरुद्ध ०-२० असं धुतलं, ते कुणी काढत नाही. २०२३ ला ऑफली जादा वेळेत एका गुणाने फायनल हरले. ते दुःख ओलं असताना त्यांना वरच्या फळीतल्या टिपरेरीसमोर उभं केलं. घरच्या प्रेक्षकांसमोर ७-३८ विरुद्ध ३-१८ असे हरले. बत्तीस गुणांचा फरक! त्या पोरांनी काय कमावलं?

सह्याद्री: मार खाऊन संघ संपत नाही. तेच ऑफली २०२४ ला मॅकडोना जिंकून वर गेले. आणि आपल्याकडे २०१०-११ ला प्लेट या खालच्या गटातून आलेल्या राजस्थानने रणजी जिंकली. दार बंद असतं तर?

टलमोर_७७: ऑफली त्या माराने वर गेले नाहीत. चार वेळा ऑल-आयर्लंड (वरच्या फळीचं विजेतेपद) जिंकलेला हा संघ २०१९ ला तिसऱ्या फळीत घसरला होता. वर आणलं ते तळातल्या मेहनतीने. २०२४ ला त्यांच्या अंडर-२० पोरांनी फायनलमध्ये टिपरेरीलाच हरवलं, ते बरोबरीच्या वयाच्या पोरांशी खेळून. पैसा आणि प्रशिक्षक तिथे द्या.

पोर्टलीशप्रेमी: अंडर-२० बद्दल शंभर टक्के मान्य. पण वेस्टमीथ आणि ऑफली, तुमची दोन्ही उदाहरणं उपविजेत्यांची आहेत. फायनल हरलेल्याला लगेच जुंपू नका, हे पटतं. विजेत्याचा सामना मात्र काढू नका. लीशने तो मैदानावर कमावला होता.

टलमोर_७७: विजेत्याला पुढच्या वर्षी बढती मिळतेच. तेव्हा वर्षभर तयारी करून भिडू देत की.