अनुभव धागा: फोटो सुधारायच्या तुमच्या युक्त्या

नागपुरात महाल भागातल्या आमच्या जुन्या घराची आवराआवर सुरू आहे. काल ट्रंकेत आजीचा फोटो सापडला. कृष्णधवल, सीताबर्डीवरच्या एका स्टुडिओत काढलेला. बाबांसोबत मी त्या स्टुडिओत जायचे तेव्हा मागच्या खोलीत एक काका उजेडाच्या पेटीवर निगेटिव्ह ठेवून बारीक टोकाच्या पेन्सिलीनं काम करत बसलेले असत. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. सुरकुती तिथं फिकी दिसते, तिच्यावर पेन्सिलीची हलकी छटा दिली की छापलेल्या फोटोत ती मऊ होते. काल भिंग लावून पाहिलं. आजीच्या डोळ्यांखालची वर्तुळं त्यांनी भरली आहेत, पण हनुवटीवरचं गोंदण जसंच्या तसं ठेवलंय.

फोनमधलं चेहरा नितळ करणारं बटण त्या गोंदणाला डाग समजतं आणि पुसून टाकतं. म्हणून चेहऱ्याचं काम मी आपोआप होणाऱ्या बटणावर कधीच सोडत नाही. माझी पद्धत अशी: फोटो 600 डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला 600 ठिपके) स्कॅन करायचा, मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि काम प्रतीवरच करायचं. कृष्णधवल फोटो पिवळा पडला असेल तर आधी रंग पूर्ण काढून टाकायचे, पिवळेपणा तिथंच जातो. मग स्नॅपसीड अ‍ॅपमधलं हीलिंग (डाग, चिरा बुजवायचं साधन) घेऊन, फोटो खूप मोठा करून, एकेका चिरेवर छोटे छोटे टिपके द्यायचे. लांब रेघ ओढली की शेजारची त्वचा भलतीकडे चिकटते. शेवटी कर्व्हमध्ये (उजेड-अंधार कमीजास्त करायची रेघ) काळा थोडा खाली, पांढरा थोडा वर.

तुम्ही काय काय करता, लिहा. जुने फोटो, नवे फोटो, काहीही चालेल.

वर्धारोडकर
नातेवाइकांकडून फोटो मागवताना व्हॉट्सॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा. फोटो म्हणून पाठवला की बारीक होऊन येतो, मग कितीही घासा. आणि जेपीजी परत परत सेव्ह करू नका, दर वेळी थोडं थोडं गळतं. काम अर्धवट असेल तर टिफ नाहीतर पीएनजीमध्ये ठेवा.

काटोलचा बागवाला
ताई, गोंदणाचं वाचून माह्या आजीची आठवण आली.
मी बागेतल्या संत्र्याचे फोटो व्यापाऱ्याले पाठवतो. झाडाखाली पानांचा हिरवा उजेड पडते, त्यात संत्रं कच्चं दिसते. म्हणून पहिल्या फोटोत फळाजवळ पांढरा कागद ठेवतो. लाइटरूम अ‍ॅपमध्ये व्हाइट बॅलन्सचा (पांढरा पांढराच दिसावा म्हणून असते तो) ड्रॉपर त्या कागदावर टेकवला की रंग जागेवर येते. मग तीच सेटिंग बाकीच्या फोटोंवर पेस्ट करायची. सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, मी वाढवत नाही. नारिंगी रंग जास्त चढवला का सालीवरची बारीक छिद्रं दिसेनाशी होतात, आन् घेणारा तर सालच पाह्यते. वरून माल गाडीत भरताना रंगावरून भांडण होते ते वेगळंच.

खामल्याची वहिनी
भाऊ, मृग बहाराची निघाली का हो संत्री? घरपोच मिळते का?

काटोलचा बागवाला
फेब्रुवारीत निघतील वहिनी. सांगतो तेव्हा.

दीक्षाभूमीजवळ
मी दरवर्षी दीक्षाभूमीवर घरच्या सगळ्यांचा फोटो काढतो. आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला तिथं होते, पण त्यांचा त्या दिवसाचा एकही फोटो नाही. म्हणून हे मी चुकवत नाही.

अडचण कायम तीच. मागं पांढराशुभ्र स्तूप, पुढं सावलीत माणसं. चेहऱ्यावर बोट ठेवून एक्स्पोजर घेतलं तर घुमट पूर्ण पांढरा होतो, आणि एकदा पांढरं जळालं की कोणत्याही अ‍ॅपमध्ये परत येत नाही. सावलीतलं मात्र बऱ्यापैकी परत मिळते. म्हणून बोट घुमटावर ठेवायचं, फोटो थोडा काळपट येऊ द्यायचा, नंतर शॅडोज (गडद भाग) वर आणि हायलाइट्स (उजळ भाग) खाली. फोनमध्ये रॉ फाइलची (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) सोय असेल तर तीच घ्या, जेपीजीपेक्षा सावलीत खूप जास्त वाव असते. जवळून काढला की घुमट मागं झुकलेला दिसतो, तो पर्स्पेक्टिव्हनं सरळ होते. पण त्यात कडा कापल्या जातात, म्हणून काढतानाच आजूबाजूला जागा सोडा. आमच्या आत्या नेहमी कडेलाच उभ्या राहतात 😀

खामल्याची वहिनी
आत्यांना मधात उभं करा ना भाऊ.

दीक्षाभूमीजवळ
ऐकतच नाहीत वहिनी.

प्रतापनगरची
बहिणीच्या लग्नात स्टेजवर जांभळे एलईडी लावले होते. सगळ्यांचे चेहरे जांभळे. काही उपाय आहे का? आई रोज विचारून राहिली अल्बम कधी करते म्हणून.

वर्धारोडकर
अरेरे. जांभळ्या उजेडात हिरवा जवळपास नसतोच, तर त्वचेचा रंग आणणार कुठून. असे फोटो सरळ कृष्णधवल करा. कृष्णधवल करताना लाल, निळा चॅनल कमीजास्त करता येतो, ज्यात चेहरा छान दिसेल तो ठेवा. सप्तपदी, विहीण पंगत साध्या उजेडात असेल, ते रंगीत राहू द्या. अल्बममध्ये दोन्ही शोभतात.

प्रतापनगरची
आत्ताच एक करून पाहिला. आई रडली. खूप खूप आभार.

इतवारीतला
मारबतीच्या (पोळ्यानंतर मोठा पुतळा निघते त्या) मिरवणुकीचे फोटो कोणी एडिट करते का? पिवळी मारबत फोनवर निस्ता पिवळा गोळा दिसते, तोंडावरचं काम दिसतच नाही.

दीक्षाभूमीजवळ
लाइटरूमच्या कलर मिक्समध्ये फक्त पिवळा निवडा. ल्युमिनन्स (त्या रंगाचा उजळपणा) कमी करा, सॅच्युरेशन थोडंसं उतरवा. बाकी रंगांना हात लावू नका. रेषा दिसू लागतील.

इतवारीतला
दिसल्या! नाकातली नथ पण दिसली. आन् हललेल्या फोटोचं काय? गर्दीत धक्के बसतात.

दीक्षाभूमीजवळ
हललेला फोटो शार्पन करून सरळ होत नाही, कडांना पांढऱ्या रेघा तेवढ्या येतात. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर 1/500 सेकंद ठेवा. दिवसाचा उजेड असते, जमते.

खामल्याची वहिनी
पोळ्याला माहेरी असते मी, मारबत दरवर्षी राहूनच जाते. इथं टाका ना फोटो.

जुना निगेटिव्हवाला
ताई, आजीच्या फोटोची निगेटिव्ह आहे का? असेल तर छापापेक्षा तीच वापरा, तिच्यात जास्त तपशील असतो. टॅबच्या स्क्रीनवर पूर्ण पांढरं पान उघडा, वर दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा आणि त्यावर निगेटिव्ह. स्क्रीनवर थेट ठेवली तर स्क्रीनचे ठिपके उमटतात, म्हणून मध्ये दोन-तीन सेंटिमीटर अंतर पाहिजे. खोलीत अंधार करा, वरून सरळ फोटो घ्या, मग कर्व्हची रेघ उलटी करा, डावं टोक वर आणि उजवं खाली. डोळ्यांसमोर माणूस उभा राहतो. गिंप नावाच्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये इन्व्हर्ट (उलटं करणं) म्हणून सरळ पर्यायच आहे, फुकट आहे.

आणि निगेटिव्ह कडेनंच धरा. पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, एवढ्या उष्णतेत फिल्म वाकडी होते, एकमेकींना चिकटते. कोरडी, थंडी जागा पाहिजे. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

धागाकर्ती
आहे! बटर पेपरच्या पाकिटात होती, आत्ताच पाहिली. एका बाजूला पेन्सिलीची चमक अजून दिसतेय. सगळी आतल्या खोलीत हलवते आजच. 8 बाय 10 इंचाचा छाप काढायचाय, किती पिक्सेल लागतील?

जुना निगेटिव्हवाला
300 डीपीआयनं 2400 बाय 3000. फोनचा कॅमेरा एवढं सहज देतो. मॅट कागदावर काढा, काचेमागं चकाकी कमी राहते. पेन्सिलीच्या बाजूला बोट लावू नका, पुसलं तर ते काम गेलं.

मानेवाड्याचा
थोडं वेगळं विचारतो. पोराच्या परीक्षेच्या फॉर्मात फोटो 50 केबीच्या आत मागून राहिले, माझा 3 एमबीचा आहे. क्वालिटी कमी केली तर चेहऱ्यावर चौकोन दिसतात. आज शेवटची तारीख.

वर्धारोडकर
क्वालिटी नंतर भाऊ, आधी आकार कमी करा. 3:4 च्या मापात क्रॉप, मग रुंदी 300 पिक्सेल, उंची 400. मागची भिंत साधी, पांढरी असेल तर फाइल अजून हलकी होते. मग क्वालिटी 80 ठेवली तरी बसते. फॉर्ममध्ये कमीत कमी किती केबी पाहिजे तेही वाचा, त्याच्या खाली गेली तर घेत नाही.

मानेवाड्याचा
38 केबी झाली. घेतला फॉर्मनं. सहीची फाइल पण अशीच करायची ना?

वर्धारोडकर
हो. कोऱ्या कागदावर काळ्या पेननं सही, जवळून फोटो, कडेचा कागद कापून टाका आणि ब्राइटनेस थोडा वाढवा. पेन निळा नको.