एलएम३१७चा ५ व्होल्ट सप्लाय: कुठे हात थांबवायचा?

मूळ मुद्दा
१२ व्होल्ट २ अँपियरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), २२०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, पुढे एलएम३१७ (आउटपुट व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर). पाहिजेत ५ व्होल्ट, १ अँपियर. आर्डुइनो उनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आणि सेन्सरांसाठी. एवढ्याशा सप्लायचा रिपल (डीसीवर उरणारा चढउतार) उतरवण्यात लोक आठवडे घालवतात. माझं ठाम मत: रेग्युलेटरच्या अ‍ॅडजस्ट पिनला १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावा आणि थांबा. पूर्ण लोडला मुख्य कॅपॅसिटरवर साडेचार व्होल्ट रिपल येतो (१ अँपियरला १०० हर्ट्झ आणि २२०० मायक्रोफॅरडच्या गुणाकाराने भागून). रेग्युलेटर तो ८० डेसिबलच्या आसपास दाबतो, म्हणजे आउटपुटला उरतो अर्धा मिलिव्होल्ट. उनोच्या १० बिट एडीसीची (व्होल्टेज आकड्यात बदलणाऱ्या भागाची) एक पायरीच ४.९ मिलिव्होल्टची आहे.

प्रतिसाद १
रिपलपुरतं मान्य, पण काम संपलेलं नाही. मेन्स (घरची वीज) २५३ व्होल्टवर गेली की कॅपॅसिटरवर सरासरी साडेचौदा व्होल्ट येतात आणि एलएम३१७ साडेनऊ वॅट जाळतो. जंक्शनची (चिपच्या आतल्या सिलिकॉनची) मर्यादा १२५ अंश, खोक्यातली हवा ४५, जंक्शन ते टॅब (चिपची धातूची पाठ) वॅटमागे ५ अंश, मधल्या अभ्रकाच्या चकतीचा १. हीटसिंकला उरतात वॅटमागे जेमतेम अडीच अंश, म्हणजे चांगलाच मोठा हीटसिंक. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या, उष्णता पावणेपाच वॅटवर येते. थांबायचं ते त्यानंतर.

प्रतिसाद २
मग २२०० विसरा. मेन्स २०७ झाली की ९ व्होल्टवाल्याचं शिखर साडेनऊच्या आसपास असतं; त्यातून रिपलचे साडेचार गेले तर रेग्युलेटरला ५च मिळतात, लागतात ७ हून जास्त. ४७०० घातला आणि तो २० टक्के कमी निघाला, तरी तळ ६.८. म्हणजे ६८०० हवा. एक दुरुस्ती दुसरी उघडते, ती अशी! त्यापेक्षा १ अँपियर हा आकडाच तपासा. उनो स्वतः सुमारे ५० मिलिअँपियर घेतो. सप्लायची मर्यादा ३०० मिलिअँपियर लिहिली की जुन्याच ट्रान्सफॉर्मरवर सव्वातीन वॅट उरतात.

प्रतिसाद १
आकडा कागदावर कमी करून लोड कमी होत नाही. उद्या कुणी दोन सर्व्हो (छोट्या मोटरी) जोडले आणि ते अडकले, तर ३०० कधीच ओलांडले जातील. ६८०० बसवायला दहा मिनिटं लागतात.

प्रतिसाद ३
दोघांनी मोजणीची खात्री केली आहे का? ऑसिलोस्कोपच्या प्रोबच्या लांब ग्राउंड वायरचा लूप आजूबाजूचा गोंगाट पकडतो. ग्राउंड क्लिप प्रोबच्या टोकालाच टेकवा. तरीही स्कोपवर रेष हलली तर ती सप्लायची नव्हे, आणि तिच्यामागे धावणं तिथेच सोडा.

मूळ मुद्दा
उष्णतेचा हिशेब मी सोडला होता, चूक मान्य. ९ व्होल्ट आणि ६८०० घेतो. शेवटची चाचणी: व्हेरिअ‍ॅकवर (मेन्सचा व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) २५३, लोड १ अँपियर, एक तास. ३० अंशांच्या खोलीत टॅब ७० च्या खाली राहिला तर झाकण लावायचं. रिपल पुन्हा उघडणार नाही.