चोर सापडला, पुढे काय? नाशिककरांनो, अनुभव लिहा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक व्हिडिओ आला. एक भुरटा चोर, दोन शिपाई आणि काठी. खाली अंगठ्यांची आणि टाळ्यांची रांग. एकाने 'हे बरोबर नाही' एवढंच लिहिलं, तर त्याला 'तुझ्या घरी झाली की कळेल' असं ऐकवलं गेलं आणि दिवसभर जुंपली. ऑक्टोबर 2025 मध्ये पोलिसांनी 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' म्हणायला लावलेल्या गुंडांचे व्हिडिओ अख्ख्या शहराने चवीने पाहिले, मीही पाहिले. पण ती राजकीय वरदहस्त असलेली माणसं. मला विचारायचंय ते त्याच्या खालचं: चार्जर, सायकल, तांब्याची तार, गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात मारलेलं पाकीट.

मतं नकोत, ती ग्रुपवर पोत्याने पडली आहेत. स्वतः पाहिलेलं, भोगलेलं, केलेलं लिहा. ठाण्याचं आणि माणसाचं नाव टाळा.

मेनरोडवाला

कपड्याचं दुकान आहे. सणाच्या गर्दीत एका पोराने जीन्स पिशवीत घातली, आमच्या पोऱ्याने पाहिलं आणि ओरडला. मी गल्ल्यावरून उठून बाहेर येईपर्यंत त्याच्यावर माणसं तुटून पडली होती. बहुतेक गिऱ्हाईकंच. एकाच्या हातात शेजारच्या दुकानातली साडीची पिशवी होती, ती खाली न ठेवता तो दुसऱ्या हाताने मारत होता. बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचे पोलीस, आले म्हणून पोरगा वाचला, हे खरं आहे. त्याला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवत होते तर गर्दीतून आवाज आला, 'साहेब, इथंच द्या ना दोन!' आणि साहेबांनी दिल्या. जोरात नाही, पण सगळ्यांना दिसतील अशा. मग वाट मिळाली. ठाण्यात पोचल्यावर त्याच शिपायाने त्याला पाणी दिलं.

गंगापूररोड

माझ्या आईचं मंगळसूत्र सकाळी फिरताना ओढलं. मोटरसायकलवर दोघे. आई फरफटत गेली, मानेवर वळ उठला, खुबा मोडला. ती आता काठीशिवाय चालत नाही. त्यातला एक सापडला तेव्हा मी पीआयना (पोलीस निरीक्षकांना) स्वतः म्हणालो, सोडू नका याला. आजही म्हणेन. वर ज्यांना जीन्सवाल्याची दया येतेय त्यांनी एकदा आमच्या घरी येऊन जावं.

सातपूरची लेक

बाबा एमआयडीसीत ठेकेदाराकडे हेल्पर होते. कंपनीतून तांब्याच्या वायरचं बंडल गेलं. सुपरवायझरने रात्रपाळीतल्यांची नावं दिली, संध्याकाळी बाबांना 'चौकशीला' नेलं. रात्री आई डबा घेऊन गेली तर म्हणाले, असा कोणी माणूस इथं आणलेलाच नाही. बाबांची चप्पल पायरीशी पडलेली होती, एकीचा अंगठा मीच लाल दोऱ्याने शिवलेला. आई काही बोलली नाही, डबा तिथंच ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सोडलं. बाबा चपला हातात धरून, रिक्षातून उतरून घरापर्यंत भिंतीच्या आधाराने आले. तळवे सुजून पायात मावेनात असे. आईने घमेल्यात कोमट पाणी आणि मीठ घातलं, बाबांनी त्यात पाय टेकवले आणि लगेच वर ओढले. रात्री संडासला जायचं तर ढोपरांवर. मी म्हटलं, सिव्हिलला जाऊ, लिहून घेऊ. बाबा म्हणाले, ठेका जाईल. ठेका तसाही पुढच्या महिन्यात गेलाच.

वायर कोणी नेली ते मला माहीत नाही. बाबांना मी कधी विचारलं नाही. त्यांनी नेली असती तरी त्या तळव्यांचं काय करायचं होतं?

काळाकोट

सातपूरच्या ताई, 'चौकशीला नेलं' यातच सगळी मेख आहे. अटक दाखवली की घड्याळ सुरू होतं: 24 तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर, घरच्यांना कळवणं, अटकेचा पंचनामा, त्यावर नातेवाइकाची किंवा गल्लीतल्या प्रतिष्ठिताची सही, वैद्यकीय तपासणी. 24 तासांचं तर संविधानातच आहे, बाकीचं डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच घालून दिलं. म्हणून अटकच दाखवायची नाही. डायरीत नोंद नाही, तर माणूस तिथं नव्हताच.

मी नाशिक कोर्टात रिमांडची कामं करते. आरोपी उभा राहतो, विचारलं जातं, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार?' मागे दोन फुटांवर त्याला आणणारा शिपाई. उत्तर ठरलेलं: 'नाही साहेब.' एकदा एका पोराने शर्टाच्या बाह्या घट्ट खाली ओढून धरल्या होत्या, भर मे महिन्यात. मी अर्ज दिला, पुन्हा तपासणी झाली, आणि जुन्या 'बाह्य जखमा नाहीत'च्या जागी पूर्ण पानभर वर्णन आलं.

आणखी एक, बऱ्याच जणांना माहीत नसलेलं. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले. त्यांत 5,000 रुपयांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही, वॉरंटशिवाय अटक नाही. पहिल्यांदाच दोषी ठरला आणि माल परत दिला तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे चार्जरवाल्याला कोर्ट फार तर झाडू मारायला लावेल, आणि ठाण्यात मात्र पट्टा.

गंगापूररोड, तुमच्या आईंचा प्रकार वेगळा आहे, ती भुरटी चोरी नव्हे.

निवृत्त_हवालदार

बरंच वाचलं, आता आमचंही ऐका. डीबीत, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकात होतो. 'प्रसाद' दिला नाही असं म्हणणार नाही, म्हटलं तरी तुम्ही मानणार नाही. पण मागायला कोण येतं? सकाळी मोबाईल गेलेला माणूस संध्याकाळी नगरसेवकाला घेऊन हजर. 'साहेब, थोडा खाक्या दाखवा, पटकन ओकेल.' वरून साहेबांची क्राइम मीटिंग, रिकव्हरी किती, उघड किती. सीडीआर (फोन कॉलच्या नोंदी) मागवा, लोकेशन काढा, यात दिवस जातात. पट्ट्याला वेळ लागत नाही.

आता कायद्याचं तर आम्हालाही कळतं. पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. चालतं ते त्याने दाखवलेल्या जागेतून निघालेला माल. म्हणून सगळा जोर 'जागा दाखव' वर. मार चुकवायला पोरगं चार जागा दाखवतं, तीन खोट्या. 2015 च्या सिंहस्थात एकाने गोदाकाठ ते तपोवन आम्हाला उन्हात फिरवलं, शेवटी पाकीट रामकुंडाजवळच्या कचराकुंडीत, तेही सफाईवाल्याला सापडलं.

आणि सांगलीचं 2017 चं प्रकरण कुणी विसरू नये. लुटीच्या संशयावरून धरलेला पोरगा कोठडीत मेला आणि प्रेत आंबोलीत नेऊन जाळलं. त्यानंतर आमच्याकडे महिनाभर सगळे हात आखडून होते. महिनाभरच.

इंटर्न_होतो

मेडिकलबद्दल: आरोपीसोबतचा पोलीस खोलीतच उभा असायचा. 'बाहेर थांबा' म्हणायला आमच्यातल्या एकीनेच सुरुवात केली. पोलीस भांडला नाही, बाहेर जाऊन बिडी ओढत बसला. दार लोटल्यावर पेशंट बोलायला लागला. एवढ्यासाठी कुठल्या परिपत्रकाची गरज पडली नाही.

मेनरोडवाला

काळाकोट मॅडम, म्हणजे माझी बाराशेची जीन्स गेली तर पोलीस काहीच करणार नाहीत?

काळाकोट

पोलिसांनी अदखलपात्र धरलं तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून घ्या, प्रत मागून घ्या, कॅमेऱ्याचं फुटेज पुसलं जायच्या आत उतरवून ठेवा. तपास हवा असेल तर दंडाधिकाऱ्यांकडून आदेश घ्यावा लागेल.

मेनरोडवाला

बाराशेसाठी सीबीएसजवळच्या कोर्टात चकरा? जाऊ द्या. ट्रायल रूमच्या दाराशी एक पोऱ्या बसवतो आणि दोनच नग आत न्यायचे अशी पाटी लावतो.

निवृत्त_हवालदार

पाटी लावाच. आणि पोऱ्याला सांगा, ओरडायचं नाही, आधी शटर अर्धं खाली घ्यायचं.