चोरी झाली की आधी पारध्याचंच पाल का?

मृदुला_वारजे: गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या सहा पितळी तोट्या चोरीला गेल्या. पोलिसांना फोन लागायच्या आधीच ग्रुपवर मेसेज, "पुलाखालच्या पारध्यांचंच काम." संध्याकाळी तिथला एकोणीस वर्षांचा पोरगा उचलला. त्याची आई सिग्नलला गजरे विकते. सकाळी दूध आणायला गेले तर ती चौकीबाहेर कट्ट्यावर बसलेली, मांडीवर फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी. रात्रभर तिथंच होती म्हणे. त्याला चोरी करताना कुणी पाहिलं नाही, तोट्याही सापडल्या नाहीत. मला हे सहन होत नाही.

निवृत्त_हवालदार: ताई, जात बघून कुणी उचलत नाही. चोरीची पद्धत आणि रेकॉर्ड बघूनच तपास सुरू होतो. कुठून तरी सुरुवात करावीच लागते.

अमित_सिंहगडरोड: बरोबर. माझ्या आईचं मंगळसूत्र ओढलं, ती पडली, मनगट मोडलं. अजून तिला पोळी लाटता येत नाही. तेव्हा कुणाला धागा काढावासा वाटला नाही.

ॲड_शुभदा: अमित, आईंचं ऐकून वाईट वाटलं. पण भलताच पोरगा आत गेला की खरा चोर मोकळाच फिरतो ना? दादा, ते रेकॉर्ड बनतं कसं ते बघा. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या विमुक्त झाल्या, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे राहिले आणि संशयही राहिला. संशयावरून उचललं की नोंद होते, आणि पुढच्या वेळी तीच नोंद दाखवून पुन्हा उचलतात.

शिवाजीनगर कोर्टात मी रोज बघते. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार कुठून आणायचा? पालात राहणाऱ्याकडे ना घराचा उतारा, ना पक्का पत्ता. ऑर्डर हातात असूनही माणूस येरवड्यातच. २०२२ अखेर देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे खटल्याचा निकालच न लागलेले.

२००३ च्या नाशिक जिल्ह्यातल्या एका खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही फाशीच झाली होती. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, पाच-पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. सोळा वर्षं गेली त्यांची.

निवृत्त_हवालदार: चुका होतात, मान्य. पण त्यावरून अख्खं खातं वाईट नाही. एका चौकीत माणसं किती, वस्ती केवढी, तेही बघा.

ॲड_शुभदा: माणसं कमी आहेत हे खरंच. पण म्हणून सोपं सावज धरायचं? ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितलाय. विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, हेही त्याच निकालात आहे.

अमित_सिंहगडरोड: वकीलबाई, आईचा चोर सापडलेला नाही. दोघांना धरलं होतं, आईने ओळखलं नाही, सोडून दिलं. ते कोण होते हे मी कधी विचारलंच नाही.

ॲड_शुभदा: मृदुला, गेटच्या कॅमेऱ्याचं फुटेज काही दिवसांत पुसलं जातं. आजच सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

मृदुला_वारजे: दिला. पोच घेतलीये. त्याच्या आईला घेऊन उद्या कोर्टात येते.